आधी पाणी, मग जमीन

नवेगावबांधच्या तलावाकाठी ज्या कोलासुराला नारळ फुटतो, तो देव मुळात बाहेरगावचा. माणसातले त्याचे नाव कोलू पाटील कोहळी. कोहळी समाज आपले मूळ काशीकडचे सांगतो. चांद्याचा एक गोंड राजा काशीला गेला, तिथे त्याने या लोकांचे तळी बांधण्याचे कसब पाहिले आणि परतताना त्यांना आपल्या मुलखात घेऊन आला, अशी त्यांची कुळकथा आहे. कथेत काशी किती आणि कल्पना किती, हा वाद संशोधकांनी घालावा. अठराव्या शतकाच्या सुरुवातीला कोलू पाटलाने इथे काय केले ते मात्र आजही डोळ्यांना दिसते. सात बहिणींच्या डोंगरांमधल्या मोकळ्या जागा त्याने मातीच्या दोन पाळी घालून बुजवल्या. मागे साठलेल्या पाण्याचा घेर इंग्रजी गॅझेटियरवाल्यांनी सतरा मैल नोंदवला आहे, आणि क्षेत्रफळ आजच्या मापात सुमारे ११ चौरस किलोमीटर भरते. पाळ वारंवार फुटायची आणि सात बहिणींची कृपा झाल्यावरच ती टिकली, असे गावकरी सांगतात. तळे टिकले आणि बांधणारा देव झाला. परप्रांतातून आलेल्या माणसाला यापेक्षा मोठे नागरिकत्व कुठल्या गावाने दिले असेल?

गोंदिया जिल्ह्यात हल्ली ‘बाहेरचे लोक येऊन जमिनी घेतात’ ही कुरबुर कानावर येते. जंगलाच्या दारापाशी, तलाव दिसेल अशा उंचवट्यावर, डांबरी रस्त्याला लागून जमीन असेल तर तिचा भाव धानाच्या पिकावरून ठरत नाही. कुरबुर खोटी नाही. पण या जिल्ह्याच्या इतिहासातून बाहेरचे लोक वजा केले तर हाती फारसे काही उरणार नाही. तळी त्यांची, धानाच्या बांध्या बऱ्याच अंशी त्यांच्या, आणि गोंदिया हे शहर तर जवळपास पूर्णच त्यांचे. प्रत्येक वेळी प्रश्न एकच होता: येणाऱ्याने जमिनीच्या बदल्यात काय द्यायचे? या प्रश्नाचे उत्तर तीनशे वर्षांत पार बदलून गेले आहे.

गोंड राज्यात त्याचे उत्तर सरळ होते. चांद्याच्या हीरशहा राजाच्या नावावर परंपरा एक कायदा सांगते. जंगल तोडून गाव वसवेल त्याला त्या गावची पाटीलकी, आणि तळे बांधेल त्याला त्या तळ्याच्या पाण्याखाली भिजणारी जमीन. अशा देणगीला ‘तुकूम’ म्हणत. चंद्रपूर शहरात तुकूम नावाची वस्ती आजही आहे, आणि तिथे फ्लॅट घेणाऱ्यांपैकी किती जणांना त्या नावातले तळे ठाऊक असेल, कोण जाणे. या कायद्यातली हुशारी अशी की राजाला पदरचे काहीच द्यावे लागत नव्हते. कोरड्या रानाला तेव्हा किंमत नव्हती. येणाऱ्याने आधी पाणी आणायचे, पाण्याने जमिनीला किंमत यायची, आणि मग त्या किमतीतला वाटा त्याला मिळायचा. पाळ पहिल्याच पावसात वाहून गेली तर नुकसान बांधणाऱ्याचे.

कोहळ्यांनी हा सौदा मनावर घेतला. आजच्या अर्जुनी मोरगाव, सडक अर्जुनी आणि शेजारच्या साकोली या तालुक्यांत त्यांनी तळ्यांची रांगच लावली. सिरेगावबांध त्यातलेच. लहान शेतकऱ्याची बोडी, तिच्या खाली गावाचे तळे, त्या तळ्याच्या सांडव्याचे पाणी पुढच्या गावच्या तळ्यात, अशी ही उतरंड. तळ्याखालची जमीन उसाला आणि धानाला. जमिनीचा उतार नुसत्या नजरेने ओळखण्यात कोहळी पटाईत होते, असे इंग्रज अधिकाऱ्यांनीही लिहून ठेवले आहे. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली आणि नागपूर या पाच जिल्ह्यांत आज साडेसहा हजारांहून अधिक जुनी तळी सरकारदरबारी मोजली जातात. ती सगळी कोहळ्यांची नव्हेत, पण या कलेचे पुढारपण त्यांच्याकडेच होते.

या सौद्याची दुसरी बाजू देवळात दिसत नाही. तळ्याखाली ओलीत झालेली सपाट जमीन नव्या पाटलांची झाली आणि तिथे आधीपासून राहणारा, फिरती शेती करणारा गोंड हळूहळू डोंगराकडे सरकला. पाण्यातला हक्क ढिवरांकडे आला: मासे, शिंगाडा, कमळकंद. पाळीवर माती कुणी वाहिली, किती जणांनी आणि कोणत्या मोलाने, हे कुठल्या कथेत येत नाही. तुकुमाची पद्धत न्यायाची होती असा दावा करायचा नाही. ती हिशेबाची होती, आणि त्या हिशेबात गावाच्या वाट्याला पाणी येत होते, एवढेच.

उत्तरेकडे वैनगंगेच्या खोऱ्यात दुसरे लोंढे आले. पोवार आपले मूळ माळव्यातले, धारचे सांगतात. नागपूरकर भोसल्यांच्या कटकच्या स्वारीत त्यांनी चाकरी केली आणि बदल्यात वैनगंगेकाठची जमीन मिळवली. तिरोडा, गोंदिया, गोरेगाव, आमगाव या पट्ट्यात त्यांची गावे झाली, आणि त्यांची पोवारी बोली आजही घराघरांत ऐकू येते. लोधीही असेच उत्तरेकडून आले आणि जमीनदार झाले. कामठ्याचा जमीनदार चिमणा पटेल १८१८ साली इंग्रजांविरुद्ध उठला तेव्हा तो इथला इतका झाला होता की त्याच्या आजोबा-पणजोबांचे गाव कोणते, हे विचारायचे कुणाला सुचले नाही. बाहेरचा माणूस आतला व्हायला या मुलखात साधारण दोन-तीन पिढ्या पुरत.

मग आला कागद. १८५३ साली नागपूरचे राज्य खालसा झाले आणि १८६०च्या दशकात इंग्रजांनी जमाबंदी केली. वसुली करणाऱ्या पाटलाला त्यांनी मालगुजार म्हणून गावाचा मालकच करून टाकले. वाजिब-उल-अर्ज नावाच्या दस्तात गावाच्या चालीरीती टिपल्या गेल्या: पाणी कुणाला किती, मासे कुणाचे, जंगलातून सरपण किती, निस्तार कसा. हे कागद अभ्यासकांना आजही सोन्यासारखे वाटतात. पण त्याच व्यवहारात एक गोष्ट पहिल्यांदा घडली. तळे, जंगल, गावठाण यांसकट अख्खे गाव गहाण ठेवता येऊ लागले आणि विकता येऊ लागले. १८९६-९७ आणि १८९९-१९०० च्या दुष्काळांत मध्य प्रांतातली कित्येक गावे सावकारांच्या दप्तरात गेली. आता गावाचा मालक व्हायला पाळीवर माती टाकायची गरज उरली नव्हती. व्याज मोजता आले की पुरे.

गोंदिया शहराची गोष्ट या कागदानंतरची आणि रुळांची आहे. नागपूरहून राजनांदगावकडे जाणारा छत्तीसगढ रेल्वेचा मार्ग १८८०च्या दशकाच्या सुरुवातीला तयार झाला. १८८८ मध्ये तो बंगाल नागपूर रेल्वेकडे गेला आणि पुढे हावड्याला जोडला गेला. १९०३ ते १९०५ या काळात गोंदियाहून उत्तरेला नैनपूर-जबलपूरकडे छोटी लाइन गेली, आणि त्यानंतर दक्षिणेला नागभीड-चांद्याकडे. एका खेड्याच्या शिवारात चार दिशांचे रूळ एकत्र आले. जंक्शन झाल्यावर जे व्हायचे तेच झाले. धान, लाकूड, लाख, मोह, चामडे, जंगलातला सगळा माल इथे उतरू लागला, आणि माल तिथे व्यापारी. मारवाडी आले, कच्छी आले, गुजराती आले, आणि १९४७ नंतर सिंधी आले. १९२० साली नगरपालिका स्थापन झाली तेव्हा हे गाव आपल्या तालुक्याच्या ठिकाणाला, तिरोड्याला, मागे टाकून पुढे निघाले होते.

बिडीची हकिगत इथे जरा थांबून सांगण्यासारखी आहे, कारण बाहेरच्या माणसाने आणलेला धंदा घराच्या ओसरीवर कसा येऊन बसतो, ते तिच्यात दिसते. तंबाखू गुजरातेतून आणि निपाणीकडून येणार, भांडवल गुजराती व्यापाऱ्याचे, गिऱ्हाईक देशभरातले. इथले काय, तर तेंदूचे पान आणि बायकांची बोटे. मे महिन्याच्या उन्हात पहाटे तीनला उठून घरदार रानात जायचे, दुपारपर्यंत पाने तोडून आणायची, सावलीत बसून सत्तर-सत्तर पानांचा पुडा बांधायचा आणि संध्याकाळी फळीवर नेऊन मोजून द्यायचा. पाने सुकवून गोदामात गेली की वर्षभर बिडी वळायचे काम. पान भिजवायचे, पत्र्याच्या मापाने कात्रीने कापायचे, चिमूटभर जर्दा पसरायचा, वळायचे, तोंड मोडायचे, दोऱ्याने बांधायचे. कारखान्यात ‘छाटणी’त नापास झालेल्या बिड्यांचे पैसे नाहीत. शिक्षण नसलेल्या, जमीन नसलेल्या हजारो घरांना या कामाने रोख पैसा दाखवला आणि खोकलाही दिला.

याच धंद्यातून आलेल्या मनोहरभाई पटेलांनी पुढे गोंदिया शिक्षण संस्था उभी केली, १९५८ साली. धोटे बंधू विज्ञान महाविद्यालय, एन. एम. डी. महाविद्यालय आणि जिल्हाभरच्या शाळा त्या संस्थेच्या. बिडीच्या पैशाने कॉलेज काढणे ही तुकुमाचीच नवी आवृत्ती होती, असे म्हणायचा मोह होतो. पुरते खरे नाही ते. कोलू पाटलाच्या तळ्याशिवाय त्याला जमीन मिळालीच नसती. बिडी कारखानदाराला शाळा काढण्याची सक्ती कुणी केली नव्हती. कुणी काढली, कुणी काढली नाही. देणे अटीतून निघून मर्जीवर आले, आणि हा फरक पुढच्या गोष्टीसाठी ध्यानात ठेवावा लागतो.

स्वातंत्र्यानंतर मालगुजारी गेली. मध्य प्रदेशाच्या विधिमंडळाचा कायदा १९५० चा, अंमल १९५१ पासून. तळी सरकारजमा झाली आणि त्यांना ‘माजी मालगुजारी तलाव’ हे नाव पडले. कागदावर त्याचे झाले ‘मा.मा. तलाव’, आणि मग सगळेच सहज ‘मामा तलाव’ म्हणू लागले. मालकी बदलली, पण पाळीवर माती टाकायला दरवर्षी उतरणारे हात हरवले. मालगुजाराचा धाक गेला ते बरेच झाले. त्याच्या जागी आला तो खात्याचा अंदाजपत्रकी कारभार. मोठे तलाव पाटबंधारे खात्याकडे, लहान जिल्हा परिषदेकडे, आणि गाळ तलावाकडे! काठावर बेशरम माजली. गुलाबी फुलांची ही वनस्पती मूळ दक्षिण अमेरिकेतली. जनावर तिला तोंड लावत नाही, तोडली तर पुन्हा फुटते, आणि तिच्या दाटीत माशांच्या अंड्यांना आसरा देणारी पाणवनस्पती मरते. नवागतांबद्दल तक्रार करायचीच असेल तर सुरुवात हिच्यापासून करावी.

१९७२ साली अर्जुनी मोरगाव तालुक्यात आणखी एक वस्ती उभी राहिली. इटियाडोहच्या धरणाजवळ, गोठणगावच्या रानात, तिबेटी निर्वासितांना सरकारने जमीन दिली. नॉर्ग्येलिंग असे त्या वसाहतीचे नाव. हिमालयातल्या माणसांना विदर्भाच्या उन्हात आणून ठेवणे हा प्रकार विचित्रच होता. त्यांनी धान लावायला शिकून घेतले, मठ बांधला, आणि थंडी आली की स्वेटरांची गाठोडी घेऊन शहराशहरांतून दुकाने मांडली. जमीन वापरायची, पण मालकी नाही, अशी त्यांची अवस्था. त्यामुळे अर्ध्या शतकात तिथे जमिनीचा बाजार तयार झाला नाही. आता तिथली तरुण पोरे बंगळुरू, दिल्ली आणि परदेशाकडे निघाली आहेत. या जिल्ह्यात आलेल्यांपैकी देवही न झालेले आणि मालकही न झालेले असे हे एकच लोक.

त्यानंतरचा पाहुणा म्हणजे पर्यटक. नागझिरा १९७० मध्ये अभयारण्य झाले, नवेगाव १९७५ मध्ये राष्ट्रीय उद्यान. मराठी वाचकांच्या घरात हे रान आणले ते मारुती चितमपल्लींनी. ते सोलापूरचे, घरची भाषा तेलुगू, नोकरी वनखात्याची. नवेगावात त्यांना माधवराव पाटील डोंगरवारांसारखा सोबती मिळाला आणि गोंड, ढिवर यांच्याकडून त्यांनी पाखरांची, झाडांची, माशांची नावे टिपून घेतली. ‘नवेगावबांधचे दिवस’ हे त्यांचे पुस्तक वाचून पुण्या-मुंबईची माणसे पत्ता शोधत आली. देवलगावच्या स्थानकावर उतरायचे, विश्रामगृहात खोली मिळाली तर ठीक, नाहीतर गावात कुणाच्या पडवीत पथारी. जमीन घ्यावी असे त्या पाहुण्यांच्या मनातही नसे. चितमपल्लींचे २०२५ च्या जूनमध्ये सोलापुरात निधन झाले.

डिसेंबर २०१३ मध्ये नवेगाव-नागझिरा हा राज्यातला पाचवा व्याघ्र प्रकल्प जाहीर झाला. त्याच सुमारास नवेगाव राष्ट्रीय उद्यानातली कालीमाटी, कवलेवाडा आणि झंकारगोंदी ही गावे उठवून सडक अर्जुनी तालुक्यात श्रीरामनगर या नव्या वस्तीत बसवण्यात आली. कबूल केलेल्या सोयी मिळाल्या नाहीत, या रागाने तिथली माणसे पुढे सामानसुमान घेऊन जुन्या गावांकडे परत चालती झाली आणि प्रशासनाची धावपळ उडाली. जंगलातून एक दार बाहेर उघडते आणि दुसरे आत, अशी ही रचना आहे. पिढ्यान्‌पिढ्या आत असलेला तिकीट न काढता बाहेर येतो, आणि बाहेरचा तिकीट काढून आत जातो. वाघ वाचायला हवा, यात वाद नाही. पण ज्याचे गाव उठले त्याच्या वाट्याला जिप्सीच्या चालकाची नोकरी तरी आली का, हा प्रश्न विचारला पाहिजे.

अजून तरी गोंदियाचे लोणावळा झालेले नाही. ताडोब्याच्या मोहर्लीला रिसॉर्टांची जी दाटी आहे तीही इथे नाही. याची कारणे फारशी अभिमानाची नाहीत. वाघ दिसण्याची खात्री ताडोब्याएवढी नाही. आणि सालेकसा, देवरीकडच्या जंगलपट्ट्यावर नक्षलवादाचे सावट कित्येक वर्षे होते. भीतीने जमीन स्वस्त ठेवली, असे म्हटले तर चुकणार नाही. हाजरा धबधबा, दरेकसा, कचारगडची गुहा हा सगळा देखणा मुलूख त्या सावटात राहिला. कचारगडला माघी पौर्णिमेला देशभरातून लाखो गोंड भाविक येतात, चार दिवस राहतात आणि परत जातात. जमीन विकत न घेता एखाद्या जागेवर हक्क सांगण्याची ही सगळ्यात जुनी रीत आहे.

हे सावट आता ओसरते आहे. नागपूर-गोंदिया द्रुतगती महामार्गाची आखणी झाली आहे. बिरसीला दुसऱ्या महायुद्धाच्या वेळची धावपट्टी होती, तिथून २०२२ मध्ये प्रवासी विमान उडाले. १९९९ च्या १ मे रोजी भंडाऱ्यापासून वेगळा जिल्हा झाला तेव्हापासून कचेऱ्या वाढल्या, २०१६ मध्ये वैद्यकीय महाविद्यालय आले, तिरोड्याला ३,३०० मेगावॉटचे औष्णिक वीज केंद्र उभे राहिले. बदलून येणारा साहेब, शिकायला येणारी मुले आणि ठेकेदाराची माणसे, सगळ्यांना खोली हवी. धानाची बांधी अकृषक करून प्लॉट पाडणे हा शहराभोवतीचा सर्रास धंदा झाला आहे. सारस पक्षी राज्यात उरला आहे तो मुख्यतः याच जिल्ह्यात, आणि सारसाचे घरटे असते ते अशाच बांधीत किंवा तळ्याच्या काठावर. घरासाठी जागा शोधणाऱ्यांत तोही एक आहे, फक्त त्याच्याजवळ सातबारा नाही.

बाहेरचे लोक जमिनी घेतात, यावर इतर ठिकाणच्या लोकांनी काय केले? महाबळेश्वर इंग्रजांनी १८२९ मध्ये साताऱ्याच्या प्रतापसिंह महाराजांकडून घेतले ते वाईजवळच्या खंडाळा गावाच्या बदल्यात; डोंगरावर आधीपासून राहणाऱ्यांना त्या अदलाबदलीत मत नव्हते. इंग्लंडमधल्या सेंट आइव्ह्‌ज या समुद्रकाठच्या गावाने २०१६ मध्ये मतदान घेऊन ठरवले की नवे घर बांधायचे तर ते बारमाही राहणाऱ्यासाठीच, सुट्टीपुरते येणाऱ्यासाठी नाही. मग त्या मंडळींनी मोर्चा जुन्या घरांकडे वळवला. हिमाचल प्रदेशात १९७२ पासून शेतकरी नसलेल्याला जमीन घ्यायला सरकारची परवानगी लागते. विदर्भातही १९५८ च्या कुळकायद्याने बिगरशेतकऱ्याला शेतजमीन घ्यायला मनाई केली होती. पण सातबाऱ्यावर कुठेतरी नाव असले की नागपूर-मुंबईचा डॉक्टरही शेतकरी ठरतो.

कायद्यापेक्षा वेगळी वाट काही जणांनी धरली आहे. अर्जुनी मोरगावला काम करणारे भंडारा निसर्ग व संस्कृती अभ्यास मंडळ ढिवरांच्या मासेमारी संस्थांना सोबत घेऊन मामा तलाव पुन्हा जिते करते. पाणी उतरले की बेशरम मुळासकट उपटायची, तळाची जमीन नांगरून तिथे देशी पाणवनस्पती लावायच्या, स्थानिक जातींचे मासे परत येऊ द्यायचे, आणि यात ढिवर बायकांनी पुढे असायचे. कुठली वनस्पती कुठल्या माशाला लागते, ही माहिती त्या समाजाकडे होतीच. ती विचारायला कुणी जात नव्हते. तिकडे हाजरा धबधब्याला नवाटोल्याच्या ग्रामस्थांची वन समिती तिकीट फाडते, वाहनतळ सांभाळते आणि पोरांना काम देते.

नवेगावबांधला तलाव दिसेल अशी खोली बांधणाऱ्याला आज ग्रामपंचायतीची घरपट्टी आणि मुद्रांक शुल्क भरावे लागते. यातला एकही रुपया त्या पाळीच्या डागडुजीसाठी राखलेला नसतो. खोलीचे भाडे मात्र सगळे त्या पाण्याच्या जोरावर आकारले जाते. ग्रामसभेने ठराव करून तलावाच्या नावाने वेगळी आकारणी मागावी, तिचा हिशेब ढिवर संस्था आणि पाणीवापर संस्था यांच्यासमोर दरवर्षी मांडावा, एवढे तरी करता येईल. हीरशहाच्या काळात ही अट राजाने घातली होती. आता ती घालायची तर रोवणी आटोपल्यावर, मंडईच्या आधी, सभेला गणपूर्ती होईल अशी तारीख धरावी लागेल.